सूल्वेन: कडा सोपा, वाट लांब

स्कॉटलंडमधल्या सूल्वेन या डोंगराची उंची ७३१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीही नाही. ग्लासगोत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका जुन्या ट्रेकर दादांनी हा आकडा ऐकला आणि म्हणाले, "मग जेवूनच निघू या की दुपारी!" त्यांना मी दोष देणार नाही, कारण पहिल्या खेपेला मीही मनातल्या मनात हेच गणित मांडलं होतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर उंचीनं मोजायची सवय असते. चढ किती, कडा किती खडा, दोर लागेल का, एवढं विचारलं की झालं. सूल्वेनला हे प्रश्न लागूच पडत नाहीत. दोर लागत नाही, शेवटच्या धारेवर दोन-चार ठिकाणी हात टेकावे लागतात, बाकी काही नाही. जीव काढते ती डोंगराच्या पायथ्यापर्यंतची वाट. जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटर. वाटेत गाव नाही, टपरी नाही, पाटी जवळजवळ नाही, आणि वाट सोडली की पायाखाली दलदल. दोनदा गेले. एकदा माथ्याला न पोहोचता परतले, एकदा माथा गाठला. दोन्ही दिवसांतून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

डोंगर आहे तरी कसा

स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात ॲसिंट नावाचा प्रदेश आहे. तिथल्या लॉखइन्व्हर या मासेमारीच्या बंदरातून पूर्वेकडे पाहिलं की सूल्वेन दिसतो. एकटा, घुमटासारखा, आजूबाजूच्या खडबडीत माळावर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. हा घुमट फसवा आहे. बाजूनं पाहिलं की कळतं, ही दोनेक किलोमीटर लांबीची अरुंद भिंत आहे आणि आपल्याला दिसत होतं ते फक्त तिचं पश्चिमेचं टोक. त्या टोकाचं गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतलं नाव 'काश्चल लिया', अर्थ 'करडा किल्ला'. तोच सर्वोच्च माथा. धारेच्या मधोमध एक खिंड आहे, तिला 'ब्यालख मोर' म्हणतात. ब्यालख म्हणजे खिंड, मोर म्हणजे मोठी. खिंडीच्या पूर्वेला ७२३ मीटरचं दुसरं शिखर आहे, मॉल मियानाख. गेलिकमधला तो 'ख' इंग्रजांना काही केल्या जमत नाही, आपल्याला नीट जमतो, त्यामुळे स्थानिकांना वाट विचारताना थोडा भाव खाता येतो.

सूल्वेन हे नाव मात्र अर्धं नॉर्स आहे. समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांना हा डोंगर खांबासारखा दिसला, आणि त्यांच्या भाषेत खांबाला 'सूला' म्हणतात. आपल्या सुळक्याशी या शब्दाचं नातं नाही, पण कानाला ते आहे असं वाटत राहतं.

दगडाबद्दल थोडं सांगते, कारण चालताना त्याचा उपयोग होतो. माळावर जो करडा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक दिसतो तो लुइशियन नाइस. त्याचं वय ३०० कोटी वर्षांपर्यंत जातं. त्याच्यावर नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा जाड थर बसला. तोच टॉरिडोनियन वालुकाश्म, सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे हिमनद्यांनी हा थर खरवडून नेला आणि जे उरलं त्यातला एक तुकडा म्हणजे सूल्वेन. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथल्या हिशेबात कालचं पोर. व्यवहारातला मुद्दा असा की नाइसमधून पाणी झिरपत नाही, म्हणून माळावर शेकडो तळी आणि चिखल. वालुकाश्म आडव्या पायऱ्यांनी फुटतो, म्हणून वरची धार पावलांना बरी पडते. कोरडा असताना त्याची पकड छान असते. ओल्या वालुकाश्मावर शेवाळ असेल तिथे मात्र पावसाळ्यातल्या नळीच्या वाटा आठवा.

महिना निवडताना

मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. माझं मत विचाराल तर दुसरा पर्यायच नको. हा त्या भागातला त्यातल्या त्यात कोरडा काळ. दिवस इतका मोठा की जूनच्या मध्यावर सूर्य पहाटे सव्वाचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. आणि मिजेसचा हंगाम अजून भरात आलेला नसतो.

मिज म्हणजे आपल्या चिलटाहून बारीक माशी. एक चावली तर काही नाही, पण ती कधी एकटी येत नाही. जून ते ऑगस्ट, ढगाळ आणि वारा पडलेल्या संध्याकाळी ढगच्या ढग अंगावर येतात, कानात, पापण्यांत, डोक्याच्या भांगात. थोडा वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून जेवायला थांबायचं ते उंचवट्यावर, आडोशाला कधीच नाही. डोक्यावर घालायची बारीक जाळी मिळते. ती घ्या आणि हसणाऱ्यांना हसू द्या.

ऑगस्टमध्ये हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. कासच्या पठाराची सवय असलेल्यांना मोह होणारच. पण ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर हरणांच्या शिकारीचाही मुख्य हंगाम असतो. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं कुणालाही जबाबदारीनं डोंगरात फिरायचा हक्क दिला आहे. परवानगी लागत नाही, तिकीट नाही, वनखात्याची चौकी नाही. त्या बदल्यात शिकारीच्या दिवसांत लावलेल्या सूचना वाचाव्यात आणि मुख्य वाट सोडू नये एवढी अपेक्षा असते. हिवाळ्यात तिथे जायचं तर बर्फातल्या चालीचं शिक्षण हवं, शिवाय डिसेंबरात उजेडच जेमतेम साडेसहा तास. हा लेख त्या दिवसांसाठी नाही.

आदल्या आठवड्यातली कामं

*हवामान.* फोनमधला नेहमीचा अंदाज गावाचा असतो, डोंगराचा नाही. इथे डोंगरांसाठी वेगळा अंदाज निघतो, हवामान खात्याचाही आणि 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस'चाही. त्यात तुमचा विभाग वायव्य हायलँड्स. पावसाआधी तीन गोष्टी बघा: माथ्यावरचा वारा, ढगांची पातळी, आणि वाऱ्यासकट जाणवणारं तापमान. वारा ताशी मैलात देतात. ३०च्या आत असेल तर मजा आहे, ४०च्या पुढे धारेवर चालणं म्हणजे झटापट, त्या दिवशी खाली समुद्रकिनारी फिरा. पावसाची नुसती शक्यता बघून बेत रद्द करू लागलात तर स्कॉटलंडमध्ये आयुष्यभर घरीच बसाल.

*नकाशा.* कागदाचा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ४४२ किंवा लँडरेंजर १५. फोनवर ॲप ठेवाच, नकाशा आधीच उतरवून घ्या, पण गारठ्यात बॅटरी कशी पडते याचा भरवसा नाही. माझा फोन ४० टक्क्यांवरून सरळ बंद पडला होता, तोही खिंडीत, जिथे नेमकी दिशा बघायची होती.

*वेळेचं गणित.* विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला, तो अजून चालतो: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. सूल्वेनला २० किलोमीटरचे ४ तास आणि सुमारे ८०० मीटर चढाचे १ तास २० मिनिटं. झाले ५ तास २० मिनिटं. आता हा कागदावरचा माणूस जेवत नाही, फोटो काढत नाही, चिखलात बूट अडकवून बसत नाही. हाडामांसाच्या ट्रेकरनं ८ ते ९ तास धरावेत. गटात कुणी नवखं असेल तर १०.

यातूनच सगळ्यात महत्त्वाचा आकडा काढायचा: परत फिरायची वेळ. पहिल्या खेपेला आम्ही ऑक्टोबरच्या अगदी शेवटी गेलो. नाश्ता, गप्पा, रस्त्यात दिसेल त्या प्रत्येक तळ्याचे फोटो, असं करत साडेदहाला चालायला लागलो. कड्याखालच्या तळ्याशी पोहोचेपर्यंत दोन वाजत आले होते आणि खिंड ढगात बुडाली होती. माथा तिथून फार तर दीड तासावर. नवरा म्हणाला, "एवढं आलोय तर..." हे अर्धवट वाक्य डोंगरात फार महाग पडतं. आम्ही फिरलो. तरीही शेवटचा पाऊण तास अंधारात, दोघांत एक टॉर्च धरून काढला. म्हणून घरीच वेळ ठरवा, कागदावर लिहा आणि गटातल्या सगळ्यात हट्टी माणसाकडून ती मोठ्यानं वाचून घ्या.

सॅकमध्ये काय

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कापड एकदा भिजलं की सुकत नाही, आणि जुलैतसुद्धा माथ्यावर ५-६ अंश असू शकतात. आपल्याकडे पावसात भिजत चालायची गंमत असते. इथे भिजून वाऱ्यात थांबलात तर दहा मिनिटांत दातावर दात आपटायला लागतात. वॉटरप्रूफ जॅकेट हवंच, पण लोक विसरतात ती वॉटरप्रूफ पँट. पोंचो नको. धारेवर वारा त्याची पतंग करतो, आणि दोरीला तुम्ही लटकलेले असता.

घोट्यापर्यंतचे बूट, त्यावर गुडघ्यापर्यंत येणारे गेटर्स, म्हणजे चिखल-पाणी बुटात जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायची आवरणं. लोकरीचे मोजे दोन जोड. टोपी आणि हातमोजे, हो, उन्हाळ्यातही. कोरडा जाड स्वेटर किंवा जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. माणशी एक हेडटॉर्च, जूनमध्येसुद्धा. शिट्टी, होकायंत्र, प्रथमोपचार, गोचीड काढायचा छोटा आकडा. संकटात गुंडाळून बसायची जाड प्लास्टिकची पिशवी इथे सर्व्हायव्हल बॅग म्हणून मिळते, वजन नगण्य.

पाण्याचं ओझं नको. वाटभर ओढे आहेत, सोबत फिल्टरची बाटली असली की एक लिटर पुरतं. खाण्याचं मात्र घरूनच न्या. सॅंडविच दुपारपर्यंत ओलं फडकं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खारे शेंगदाणे, थर्मासमध्ये आल्याचा चहा. वाऱ्यात हातमोजे न काढता खाता येईल अशा आकाराचे लाडू वळा. ही गमतीची सूचना वाटेल, पण नाही.

पोहोचायचं कसं

इन्व्हरनेसपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून अल्लापूलमार्गे लॉखइन्व्हर, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, गाडीनं दोन-सव्वादोन तास. बस आहेत, पण इतक्या तुरळक की दिवसभराच्या ट्रेकचा मेळ बसत नाही. मोठं किराणा दुकान आणि पेट्रोल अल्लापूललाच उरका. पुढे बरेच रस्ते एका गाडीपुरते, ठिकठिकाणी बाजूला घ्यायच्या जागा. समोरच्यानं वाट दिली की हात वर करायचा, आणि त्या जागांवर फोटोसाठी गाडी लावायची नाही. अल्लापूल सोडल्यावर नॉकन क्रॅग लागतो. तिथे जुना खडक नव्या खडकाच्या डोक्यावर चढून बसलेला आहे, आणि त्या कोड्यावरून एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांची मोठी भांडणं झाली. आदल्या दिवशी हातात तास असेल तर थांबा.

मुक्काम लॉखइन्व्हरला. पायसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. शाकाहारीही मिळतात, पण परतल्यावर दुकान उघडं असेल असं धरून बसू नका.

चाल: पहिला टप्पा, गाडीतळ ते पूल

गावातून ग्लेनकॅनिस्प लॉजकडे जाणारा अरुंद रस्ता जिथे संपतो, तिथे थोड्याच गाड्या मावतील असा तळ आहे. आठच्या आत या. जागा नसेल तर गावात गाडी लावून दोनेक किलोमीटर जास्त चाला, रस्ता अडवू नका.

तिथून लॉजपर्यंत वीस मिनिटं. उजव्या हाताला तळं, त्याच्या पल्याड सूल्वेन. लॉजभोवतीची ही सगळी जमीन, सुमारे ४४,००० एकर, २००५ मध्ये इथल्या गावकऱ्यांनी ॲसिंट फाउंडेशन स्थापून विकत घेतली. पिढ्यान्पिढ्या जमीनदारांच्या ताब्यातले डोंगर गावाच्या मालकीचे झाले. डोंगराखाली आलो की ही गोष्ट मला दगडांच्या वयाइतकीच भारी वाटते.

लॉज मागे टाकलं की रुंद, पक्की वाट सुरू होते. इथे एक मानसिक तयारी लागते. तास होतो, दीड तास होतो, आपण चालतोच आहोत आणि डोंगर तेवढाच. तो फक्त हळूहळू वळतो: घुमटाची भिंत होते, भिंतीला मधे खाच दिसू लागते. तीच आपली खिंड. या टप्प्यात घाईनं दम काढू नका. सह्याद्रीत चढ सुरू होईपर्यंतचा वेळ आपण मोजत नाही, गावातल्या मामांकडे चहा झाला की ट्रेक सुरू. इथे एका बाजूचं सत्तर टक्के अंतर हेच आहे.

तासाभरानं डावीकडे एक फाटा सूइलॅग बॉथीकडे जातो. बॉथी म्हणजे डोंगरातलं उघडं घर. जुनं मेंढपाळाचं किंवा शिकाऱ्याचं दगडी घर डागडुजी करून कुणालाही फुकट राहायला ठेवलेलं. अशी बरीच घरं 'माउंटन बॉथीज असोसिएशन' ही स्वयंसेवकांची संस्था १९६५ पासून सांभाळते, सूइलॅगही त्यांतलंच. वीज नाही, नळ नाही, संडास नाही, कोपऱ्यात फावडं असतं आणि त्याचा अर्थ समजून घ्यायचा असतो. खड्डा पाण्यापासून निदान ३० मीटर दूर. पाऊस झोडपत असेल तर आडोशाला उत्तम. दोन दिवसांचा बेत केलात तर पहिल्या संध्याकाळी इथे मुक्काम टाकून दुसऱ्या दिवशी माथा करता येतो, आणि मग वीस किलोमीटरचा धाक निम्मा होतो. हवी ती चूल, गॅस, स्लीपिंग बॅग आपली, आणि कचरा शेवटच्या टिश्यूपर्यंत परत.

फाटा न घेता सरळ गेलं की नदी आणि तिच्यावरचा पूल. पुलापर्यंत दोन-सव्वादोन तास लागले असतील तर तुम्ही वेळेत आहात.

दुसरा टप्पा, पूल ते तळं

पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की दगडांची एक रास दिसते, तिथून उजवीकडे वाट फुटते. बाणाची पाटी शोधू नका. धुक्यात ही रास चुकून पुढे जाणारे बरेच असतात. पूल ओलांडला की नकाशा हातात घ्या आणि राशीशी पोहोचेपर्यंत खिशात टाकू नका.

पूर्वी इथून पुढे नुसता काळा रबडा होता. ट्रेकर चिखल टाळायला बाजूनं चालत आणि वाट रुंदावत जाई. ॲसिंट फाउंडेशन आणि जॉन म्यूर ट्रस्टनं काही वर्षांपूर्वी दगड लावून ती दुरुस्त केली. आता वाट चांगली आहे, म्हणूनच ती सोडायची नाही. पाणी साचलेलं दिसलं तरी मधूनच जा, बूट कशासाठी घेतलेत?

तरी कधी ना कधी वाटेबाहेर पाय पडतोच, लघवीला, फोटोला, नाहीतर चुकून. म्हणून दलदल वाचायला शिका. हेदरची चिवट झुडपं जिथे आहेत तिथे जमीन त्यातल्या त्यात टणक. कापसाचे गोंडे डुलतात तिथे पाणी आहे. आणि पोपटी, मऊ, गालिच्यासारखं शेवाळ दिसलं की तिथे पाय ठेवायचाच नाही. मी ठेवला होता. पाय आवाज न करता गुडघ्यापर्यंत आत गेला. थंडी जाणवायला दोन सेकंद लागली. ओढून काढायला गेले तर बूट आतच राहू पाहत होता. अशा वेळी झटका देऊ नका. मागे बसा, काठी आडवी टेकवा, टाच आतल्या आत गोल फिरवत हवा आत जाऊ द्या, मग पाय सुटतो. बाहेर आल्यावर चिखलाशेजारीच तांबूस, चिकट थेंबांनी चमकणारं रोपटं दिसलं. ड्रॉसेरा! कासच्या पठारावर वाकून वाकून पाहिलेल्या दवबिंदूचं इथलं भावंड, एक बारीक मिज धरून बसलेलं. गुडघाभर चिखलात मी त्याला मनापासून शाबासकी दिली.

वाट हळूहळू चढत कड्याखालच्या काळ्याशार तळ्याशी येते. नकाशावर 'लॉख अ खोर घुव' म्हणजे काळ्या दरीचं तळं. जेवायला थांबायचं तर इथे. हा निर्णयाचाही थांबा: घड्याळ पाहा, वारा पाहा, खिंड ढगात आहे का पाहा.

तिसरा टप्पा, तळं ते माथा

समोर जी घळ दिसते ती खालून भिंतच वाटते. छाती दडपू देऊ नका. आपल्या गडांच्या वाटा चढलेल्या माणसासाठी हा दिवसातला सगळ्यात ओळखीचा भाग. नागमोडी वळणं, मधेमधे बसवलेले दगड, काही ठिकाणी सुटी वाळू आणि घसारा. पाऊण तास. गटानं चढताना एकाच्या बरोब्बर खाली दुसऱ्यानं राहू नये, दगड सुटतात. सुटलाच तर ओरडून सांगा.

खिंडीत पाऊल ठेवलं की दोन गोष्टी एकदम होतात. वारा तोंडावर आपटतो, आणि दक्षिणेकडचं सगळं जग उघडतं: खाली फ्यून लॉखचं लांबट पाणी, पलीकडे कूल मोर आणि कंगोऱ्यांची स्टॅक पॉली. जॅकेट इथे चढवायचं, पुढे जाऊन नाही.

आता उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळा. थोड्याच अंतरावर धारेला आडवी जाणारी रचीव दगडांची भिंत लागते, चुना नाही, माती नाही, दोन्ही बाजूंना कडा सुटेपर्यंत नेलेली. भिंतीतल्या खिंडारातून पलीकडे गेलं की धार अरुंद होते. दोन-चार ठिकाणी खडकाच्या पायऱ्यांवर हात टेकावे लागतात. आपल्याकडच्या सोप्या कातळटप्प्यांएवढंच, पण दोन्हीकडची खोली डोळ्यांत भरते. अडचण वाटली तर बहुतेक वेळा डाव्या-उजव्या अंगाला मळलेली सोपी वाट असते. तीन आधार पक्के, चौथा हलवायचा, हा जुना नियम पाळा. काठ्या सॅकला बांधून टाका. हातात असल्या की हात मोकळे राहत नाहीत.

आणि मग गंमत. एवढा करडा किल्ला, माथा मात्र हिरवळीचा घुमट. आडवं पडून लाडू खावा असा. पश्चिमेला मिंच सामुद्रधुनी, स्वच्छ दिवशी पलीकडे लुइस बेटाची रेघ. उत्तरेला क्वीनाग, पूर्वेला कॅनिस्प. खाली नाइसच्या माळावर इतकी तळी की जमीन जास्त की पाणी, ठरवता येत नाही. पण कडेला जाऊन खाली वाकायचं नाही. गवत जिथे संपतं तिथे डोंगरही संपतो.

पूर्वेचं मॉल मियानाख शिखर त्याच दिवशी करायचं का, असं बरेच जण विचारतात. नको. तिकडचा खडक जास्त कठीण, वाट उघड्यावरची आणि वेळ दीड-दोन तास जादा. कातळारोहणाची सवय आणि लख्ख हवा असेल तरच, तेही दुसऱ्या खेपेला.

उतार

सगळ्यात मोठी चूक खिंडीतच होते. तिथून दोन्ही बाजूंना वाटा उतरतात. दक्षिणेची वाट फ्यून लॉखकडे जाते, आणि ढगात तिकडून उतरलात तर गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहते, मधे अख्खा डोंगर आणि दहा-बारा किलोमीटर माळ. खिंडीत थांबा, होकायंत्र काढा, आलात ती उत्तरेकडची घळ आहे याची खात्री करा. चढताना घळीच्या तोंडाचा मागे वळून एक फोटो काढून ठेवला की ओळखायला मदत होते.

घळीत गुडघे सांभाळून, काठ्या लांब करून. तळ्याशी पोहोचलं की शरीराला वाटतं झालं, संपलं. अजून आठेक किलोमीटर बाकी असतात. ट्रेकमधली भांडणं याच टप्प्यात होतात, असा माझा अनुभव. पुलाशी बूट काढून पाय नदीत बुडवा, उरलेला चहा संपवा, मोज्यांचा दुसरा जोड इथे घाला.

काही बिघडलंच तर

निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा मित्राला लिहून द्या: कुठली वाट, किती जण, किती वाजेपर्यंत परत, आणि न आल्यास किती वाजता पोलिसांना कळवायचं. परतल्यावर त्यांना कळवायला विसरू नका.

खोऱ्यात फोनला रेंज नसते असं धरा, धारेवर कधी कधी मिळते. ९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलिस मागा, मग माउंटन रेस्क्यू. बोलणं लागत नसेल तर त्याच क्रमांकाला लघुसंदेश जातो, पण त्यासाठी घरूनच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ला पाठवून नोंदणी केलेली हवी. ब्रिटिश सिमवर हे एका मिनिटाचं काम. शिट्टीचा संकेत: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर तुमचं ऐकलं गेलंय. तरी थांबू नका, आवाजावरून ते जागा शोधतात. मदतीला येणारी माणसं स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येतात, पैसे घेत नाहीत. बोलवायला लाजू नका, आणि टॉर्च विसरलो म्हणून बोलवायची वेळही आणू नका.

रात्री, अंघोळीच्या आधी

हा भाग बहुतेक जण वगळतात. हेदर आणि गवतातून गोचीड अंगावर चढते. खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावल्याचं कळत नाही. उजेडात एकमेकांची तपासणी करा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला, मुलांच्या कानामागे. माझ्या गुडघ्यामागे सापडली तेव्हा मला ती तीळच वाटली, नवऱ्यानं चष्मा लावून पाय मोजले. तेल, नेलपॉलिश, काडेपेटी, यातलं काहीही लावू नका. आकडा कातडीला सपाट सरकवून डोक्याखाली अडकवा आणि गोचीड न दाबता, आकड्याबरोबरच्या सूचनेप्रमाणे, सावकाश काढा. जागा धुऊन जंतुनाशक लावा, तारीख फोनमध्ये लिहा.

काही गोचिडींमधून लाइम आजार होतो. पुढचे काही आठवडे त्या जागी गोल पसरत जाणारा चट्टा किंवा फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरकडे जा. वेळेत कळलं तर प्रतिजैविकांनी बरा होतो. सुट्टी संपवून तोवर पुण्या-मुंबईला परतला असाल तर तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा की स्कॉटलंडच्या डोंगरात होतो आणि अमुक तारखेला गोचीड चावली. आपल्याकडे ताप म्हटला की आधी डेंग्यू-मलेरियाच्या चाचण्या होतात, लाइमचं नाव सहसा कुणी काढत नाही.